बसल्याची खूण

त्याला सगळे टेलर म्हणत, आणि त्यानं आयुष्यात कधी सुईत दोरा ओवला नव्हता. शर्यतीच्या गाड्यांमध्ये ड्रायव्हरला नीट बसवून देणं हा त्याचा धंदा. इंजिन दुसरे बघत, टायर तिसरे. टेलरकडे माणसाची फक्त पाठ, कंबर आणि बूड येई. मोठमोठे नावाजलेले ड्रायव्हर त्याच्यासमोर पाठ करून उभे राहत आणि तो चष्मा कपाळावर सरकवून त्यांना मागून न्याहाळत असे. "चेहरा काय, कुणीही खोटा करतो," तो म्हणायचा. "बुडाला ते जमत नाही."

ट्रॅकच्या मागच्या अंगाला, टायरच्या गोदामाला चिकटून त्याचं वर्कशॉप होतं. वर पत्रा, खाली रंग उडालेली फरशी, आणि मधोमध लोखंडी घोडीवर ठेवलेलं गाडीचं बसायचं खोकं, स्टिअरिंग आणि पेडलांसकट. त्या खोक्यात जाड प्लास्टिकची पिशवी पसरायची, तिच्यात थर्माकोलसारखे बारीक दाणे आणि चिकट रसायन ओतायचं, वर ड्रायव्हरला बसवून पट्टे आवळायचे आणि पंपानं पिशवीतली हवा ओढून घ्यायची. दाणे अंगाला बिलगत, मग गरम होत, मग हळूहळू घट्ट होत. तोवर ड्रायव्हरनं हेल्मेट घालून, हात स्टिअरिंगवर आणि पाय पेडलवर ठेवून, आलेली शिंकसुद्धा दाबून बसून राहायचं. उठला की मागे त्याचाच खळगा उरे. त्या खळग्याच्या कडा टेलर सुरीनं तासायचा, कुठे टोचतं ते विचारायचा, पुन्हा तासायचा. शेवटी वर काळी पट्टी गुंडाळली की सीट तयार.

यात एवढं काय आहे, असं बाहेरच्या माणसाला वाटे. पण सीट जराशी जरी टोचली, तरी वळणावर माणूस नकळत अंग चोरतो. अंग चोरलं की हात आखडतो आणि गाडी मागे पडते. सीट अंगाला बसली, की आपण कशात बसलोय याचं भानच राहत नाही, आणि मग तो बिनघोर जातो. टेलरच्या सीटवर बसलेला ड्रायव्हर अवघड वळणसुद्धा जरा जास्तच वेगानं घेतो, असं ट्रॅकवर सगळे मानत. हे कानावर आलं की टेलर खाली बघून हसायचा आणि दिवसभर खुशीत असायचा.

दाराशी एक रेक्झिनचं स्टूल होतं. त्याची शिवण उसवलेली, त्यामुळे त्यावर कुणीही टेकलं की आतली हवा मोठ्यानं 'फुस्स' करून बाहेर पडायची. नवा ड्रायव्हर आला की त्याला अगत्यानं त्यावर बसवायचं आणि उरलेल्यांनी अगदी गंभीर चेहऱ्यानं उठून खिडकी उघडायची, ही तिथली जुनी गंमत. स्टूल दुरुस्त करायचा विषय निघाला की टेलर कानावर हात ठेवी.

मागच्या भिंतीवर फळ्या होत्या आणि त्यांवर जुन्या सीटा. सगळ्यात वरच्या फळीवर मात्र एकाच माणसाच्या सीटा ओळीनं मांडलेल्या होत्या, लहानापासून मोठीपर्यंत. पहिली इतकी लहान, की तीत मांजर जेमतेम मावलं असतं. हा त्याचा मुलगा. पहिल्याच शर्यतीत पोरगं गाडीसकट जागच्या जागी गरागरा फिरलं, तेव्हापासून ट्रॅकवर त्याचं नाव भोवरा पडलं. बापासारखाच त्याचा उजवा कुल्ला डाव्यापेक्षा किंचित वर होता, आणि डावा खांदा लहानपणी झोपाळ्यावरून पडल्यापासून थोडा उतरलेला. त्या ओळीतली कुठलीही सीट डोळे मिटून हातात दिली, तरी टेलर खळग्यावरून बोटं फिरवून पोरगा तेव्हा कितवीत होता ते सांगू शकला असता.

त्याची बायको वर्कशॉपमध्ये फारशी यायची नाही. मुलाच्या गाडीला तिचा विरोध नव्हता, पण होकारही तिनं कधी दिला नव्हता. शर्यतीच्या दिवशी ती घरातलं एखादं कपाट पूर्ण रिकामं करून पुन्हा लावत बसे. लग्नाच्या पहिल्याच वर्षी नवऱ्यानं गाडीचं दार धाडकन लावलं आणि तिच्या उजव्या हाताची करंगळी त्यात सापडली. हाड वाकडंच जुळलं. मूठ वळली की करंगळीचं पेर बाकीच्या तिन्ही पेरांच्या रांगेतून आत दबून राही. तुझं एकदा माप घेऊ का, असं टेलरनं गमतीत विचारलं, की ती मूठ पुढे करी आणि म्हणे, "एकदा घेतलंत तेवढं पुरे झालं."

पहिल्यांदा विपरीत घडलं ते लंबूच्या वेळी. लंबू हा टेलरचा सगळ्यात जुना ड्रायव्हर, इतका उंच की खोक्यात त्याचे गुडघे घालायलाच दोन माणसं लागायची. बोलका, हसरा, आणि स्टुलावर मुद्दाम दणकन बसून सगळ्यात मोठा आवाज काढणारा. त्या दुपारीही त्यानं तो काढला, मग खोक्यात बसला. दाणे ओतले, पट्टे आवळले, पंप चालू केला. पिशवी तापली तसा रसायनाचा उग्र, गोडसर वास पत्र्याखाली कोंडला. वेळ झाल्यावर लंबूला दोघांनी धरून बाहेर काढलं आणि टेलर वाकून बघायला लागला.

आत खळगा नव्हता.

दाणे घट्ट झाले होते, व्यवस्थित. पिशवीच्या सुरकुत्या होत्या, काठाला पट्ट्यांचे वळ होते. पण जिथे माणूस बसला होता तिथे सगळं सपाट होतं, रिकाम्या खोक्यात नुसतेच दाणे ओतून ठेवावेत तसं. टेलरनं त्यावर तळहात ठेवला. काठ गरम होते, मधला भाग गार.

"काय हो टेलरकाका," लंबू मागून म्हणाला, "बसलो होतो ना मी?"

"माल खराब आलाय," टेलर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी नव्या डब्यातला माल काढला. पुन्हा तसंच. टेलरनं पंप उघडून बघितला, नळी बदलली, विक्रेत्याला फोनवर चार शब्द सुनावले. शेवटी लंबू म्हणाला, जाऊ द्या, मी गेल्या हंगामाचीच सीट वापरतो, आणि गेला. पुढच्या शर्यतीत त्याची गाडी भिंतीवर अशी आदळली, की पुढची दोन्ही चाकं तुटून प्रेक्षकांच्या जाळीपर्यंत उडाली. धूळ खाली बसली, तर लंबू गाडीशेजारी उभा राहून हातमोजे काढत होता. साधा ओरखडासुद्धा नाही. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. माणूस नशीब घेऊन आलाय, असं त्या आठवड्यात जो तो म्हणत होता.

नंतर एकदा लंबू वर्कशॉपमध्ये आला. हातात कॉफीचा ग्लास, तोंडात तोच गप्पांचा धबधबा. बोलता बोलता तो दाराशी गेला आणि नेहमीसारखा स्टुलावर दणकन बसला.

स्टूल गप्प राहिलं.

टेलरच्या हातातली सुरी थांबली. लंबू बोलतच होता. त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. मग तो उठला, टाटा केला आणि गेला. टेलर उठून स्टुलापाशी आला, त्यावर टेकला. फुस्स. उठला, पुन्हा टेकला. फुस्स. शिवण कुठे अडकली असेल, हवा आधीच गेली असेल, असं त्यानं स्वतःला समजावलं. वस्तूंचं कसं बिघडतं आणि कसं आपोआप नीट होतं, हे त्याला काही नवं नव्हतं.

लंबूची बायको आली ती एका सकाळी, वर्कशॉप झाडून होत होतं तेव्हा. ती दारातच उभी राहिली. टेलरनं स्टूल पुढे केलं, तिनं मानेनं नको म्हटलं.

"टेलरकाका, त्याची एखादी जुनी सीट आहे का तुमच्याकडे? कुठलीही चालेल."

"आहे ना. त्याला हवीय का? मग तोच आला असता की."

"त्याला नाही. मला हवीय."

टेलरनं फळीवरून लंबूची दोन हंगामांपूर्वीची सीट काढली आणि फडक्यानं पुसली. ती तिनं हातात घेतली आणि खळग्यात तळवा ठेवला, पाठ जिथे टेकते तिथे.

"बरा आहे ना तो?" टेलरनं विचारलं.

"हो. जेवतो, हसतो, मुलांना शाळेत सोडतो." ती थांबली. "आमची गादी जुनी आहे हो. मध्ये खोलगट. आम्ही दोघं रोज घरंगळत मध्ये यायचो आणि भांडायचो, तू सरक, तू सरक म्हणून. आता ती माझ्याच बाजूला कलते. रात्रभर तो शेजारी असतो आणि गादी माझ्याच बाजूला कलते."

ती सीट घेऊन गाडीकडे गेली, ड्रायव्हरशेजारच्या जागेवर ठेवली आणि तिला पट्टा बांधला. टेलर दारातून बघत होता. बाई बिचारी अपघाताच्या धक्क्यानं खचलीय, असं त्याला म्हणता आलं असतं. त्यानं म्हटलंही, पण मन मानेना.

मुलाची पाळी नव्या हंगामाच्या तोंडावर आली. मुकादमानं त्याला आपल्या टीममध्ये घेतलं होतं. मुकादम म्हणजे टीमचा मालक. दिवसभर सगळ्यांवर ओरडत हिंडायचा म्हणून हे नाव, आणि त्याच्या टीममध्ये जागा मिळावी म्हणून चांगलेचांगले ड्रायव्हर जोडे झिजवत. पोरगा शीळ घालतच वर्कशॉपमध्ये आला.

"चला बाबा, घ्या माप. यंदा पोट वाढलंय, सांभाळून घ्या."

"पोटाचं माप मी घेत नाही, ते तुझ्या आईला विचार," टेलर म्हणाला, आणि दाणे ओतले. त्यानं स्वतः पट्टे आवळले, स्वतः पंप लावला. पोरगा हेल्मेटच्या आतून गुणगुणत होता. पिशवी तापली, वास आला, दुपारचं ऊन पत्र्यावर तडतडत होतं. मग पोरगा उठला.

टेलरनं वाकून बघितलं. आत सगळं सपाट होतं.

"काय झालं?" पोरगा त्याच्या खांद्यावरून डोकावला आणि हसला. "अरेच्चा. मी हवेत बसलो होतो की काय?"

"स्टुलावर बस," टेलर म्हणाला.

"काय?"

"त्या स्टुलावर जाऊन बस म्हणतोय ना."

बापाचा चेहरा बघून पोरगा मुकाट्यानं गेला आणि बसला. फुस्स. टेलरनं डोळे मिटून घेतले. हा फालतू आवाज इतका गोड त्याला कधी लागला नव्हता. म्हणजे अजून काही झालेलं नाही, त्याच्या मनात आलं, व्हायचंय. लंबूचंही तेव्हा स्टूल वाजलं होतं.

तो दिवस आणि पुढचा दिवस त्यानं पोराला तऱ्हतऱ्हेनं सांगून बघितलं. यंदा नको, पुढच्या हंगामात बघू. पोरगा आधी हसला, मग चिडला.

"कारण तरी सांगा बाबा."

"साचा उठला नाही."

"मग दुसरा माल मागवा! मुकादमाला काय सांगू मी? थर्माकोल बिघडलं म्हणून गाडी सोडतो?" मग आवाज उतरवून तो म्हणाला, "तुम्हीच बसवलंत मला त्या खोक्यात. पाय पेडलला पोचत नव्हते, तर तुम्ही खाली लाकडं ठोकलीत. आता उतर म्हणता."

खरंच लाकडं त्यानंच ठोकली होती, आणि ठोकताना त्याची छाती अभिमानानं फुगली होती. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून दोघांकडे बघत होती.

"काय बिनसलंय?" तिनं विचारलं.

"काही नाही. माल खराब आलाय," टेलर म्हणाला. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि मग आत गेली.

सकाळी, कुणी यायच्या आत, टेलर एकटा वर्कशॉपमध्ये गेला. पिशवी पसरली, दाणे ओतले, आणि हेल्मेट घालून तो स्वतःच खोक्यात शिरला. इतक्या वर्षांत त्या जागी तो कधी बसला नव्हता. पट्टे स्वतःच आवळले, पंपाचं बटण काठीनं दाबलं. दाणे पाठीला बिलगले आणि तापायला लागले. बापलेकांची हाडं सारखी, उजवा कुल्ला वर तो सारखा. पोराचा खळगा उठत नसेल तर आपला उठेल, सीटमध्ये कुणाची तरी खूण असेल. त्यात शहाणपण किती ते तो स्वतःला विचारत नव्हता. बुडणारा माणूस हाताला लागेल ते धरतो.

खळगा उठला. स्पष्ट, खोल, जिवंत माणसाचा. टेलर गुडघ्यावर बसून त्याच्याकडे बघत राहिला आणि त्याला रडू आलं.

मग त्यानं सुरी घेतली. कमरेला थोडं आत घेतलं, डाव्या खांद्याला जागा दिली. तासता तासता त्याच्या डोक्यात आणखी एक विचार आला, आणि हा मात्र पूर्ण शहाणपणाचा होता. सीट वाईट करायची. कमरेच्या मणक्याखाली वाटाण्याएवढी गाठ ठेवायची. वळणावळणाला टोचेल, पोरगा अंग चोरेल, हळू जाईल, शेवटून पहिला येईल, मुकादम शिव्या घालून त्याला हाकलेल, आणि पोरगा घरी येईल. त्यानं गाठ ठेवली आणि वर पट्टी गुंडाळली.

दुपारी पोरगा आला. बसला, इकडेतिकडे हलला.

"वा. उठला की साचा," तो म्हणाला. मग त्याच्या कपाळाला आठी पडली. "इथे खाली काहीतरी टोचतंय बाबा."

'टोचतंय' हा शब्द टेलरनं आयुष्यभर ऐकला होता, आणि तो ऐकला की त्याच्या हातानं एकच गोष्ट केली होती. त्यानं पट्टी सोडली, अंगठ्यानं गाठ चाचपली, सुरीचं पातं आडवं धरून हलकेच तासली, तळव्यानं गुळगुळीत केली. पुन्हा पट्टी ओढून बसवली. सगळं झाल्यावर त्याचं स्वतःच्या हाताकडे लक्ष गेलं.

"आता?" त्यानं विचारलं. आवाज त्याचाच होता.

पोरगा टेकला आणि त्यानं डोळे मिटले. "आता मस्त. सीट आहे असं वाटतच नाही."

टेलरनं सुरी पुसून ठेवली. परत काहीतरी बिघडवावं असं त्याच्या मनात दहादा आलं. सीट गाडीत चढेपर्यंत ती त्याच्या ताब्यात होती. पण कुठे आणि कसं बिघडवायचं हे हाताला येतच नव्हतं. ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

शर्यतीच्या दिवशी तो कठड्याला धरून उभा होता. शेजारी मुकादम, कानाला फोन लावून. पोरगा पहिल्यापासून सुंदर चालवत होता. मोकळा, बिनघोर. गोदामामागच्या लांब वळणावर सगळ्या गाड्या थोडा वेग टाकत. पोरगा टाकत नव्हता.

"बघा टेलर, कसा बसलाय तुमचा पोरगा," मुकादम म्हणाला. "गाडीचाच भाग वाटतो."

पुढच्या फेरीला गाडी त्या वळणावर भिंतीत घुसली.

आवाज मागाहून आला. धूळ उठली. टेलरला हलता येईना. त्याचे हात कठड्याला धरून होते आणि ते सुटत नव्हते. मग धुळीतून पोरगा चालत आला. हेल्मेट काखेत, केस विस्कटलेले. त्यानं हात वर केला.

लोक टाळ्या वाजवत होते.

टेलर धावला. त्यानं पोराचे खांदे, दंड, मान सगळं चाचपून बघितलं. सगळं होतं. ऊबही होती. पोरगा हसत म्हणाला, "बाबा, लोक बघतायत." टेलरला वाटलं, जमलं. आपला खळगा त्याच्या कामी आला. त्यानं बायकोला फोन केला.

"ठीक आहे तो," टेलर म्हणाला. "ओरखडासुद्धा नाही."

पलीकडे कपाटाचं दार मिटल्याचा आवाज आला.

"ओरखडासुद्धा नाही?" तिनं विचारलं.

"अगं नाही म्हणतोय ना."

"ओरखडासुद्धा नाही," ती पुन्हा म्हणाली, आणि तिनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी पोरगा वर्कशॉपमध्ये आला. टेलर मोडक्या गाडीतून काढून आणलेली सीट बघत बसला होता. ती जशीच्या तशी होती, आणि तीत त्याचाच स्वतःचा खळगा होता.

"बाबा, मुकादम नवी गाडी देतोय," पोरगा म्हणाला, आणि स्टुलाकडे वळला.

टेलरला ओरडून सांगायचं होतं, नको बसूस.

पोरगा बसला.

पत्र्यावर कुठेतरी पाखरू चालत होतं, त्याची नखं वाजत होती. गोदामात कुणीतरी टायर गडगडत नेला. बाकी काही ऐकू आलं नाही.

"काय बघताय असं?" पोरगा म्हणाला.

"काही नाही," टेलर म्हणाला. "कॉफी घेतोस?"

त्यानंतर टेलरनं एक काम अंगावर घेतलं. सकाळी पोरगा आंघोळीला गेला आणि बायको गॅलरीत झाडांना पाणी घालायला गेली, की तो पोराच्या खोलीत जाई. पलंगावरची चादर कुणी झोपलंच नसल्यासारखी सपाट असे. तो ती चुरगळायचा, गादीवर गुडघा दाबायचा, आणि शेवटी उशीत हळूच मूठ रोवून, फिरवून, डोक्याएवढा खळगा करायचा. मानेच्या बाजूला उतार द्यायचा, कडा बोटांनी मऊ करायचा. इतकं बेमालूम काम त्यानं कुणा ड्रायव्हरसाठीही केलं नव्हतं. दिवाणखान्यात पोरगा सोफ्यावर बसला, की तो मुद्दाम त्याला खेटून बसे, म्हणजे गादी दोघांच्या वजनानं दबल्यासारखी दिसे. तिला कळू नये, एवढंच त्याला हवं होतं. तिच्यासाठी पोरगा घरी आलेला होता. तेवढं तरी राहू दे.

आणि पोरगा होताच. जेवायचा, चेष्टा करायचा, आईच्या हातातून पेपर ओढून घ्यायचा. मुकादम त्याच्यावर खूश होता. "हल्ली गाडीत फार हलकं वाटतं बाबा," तो एकदा म्हणाला, आणि टेलरनं त्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढली. पोरगा समोर बसलेला असताना त्याला पोराची आठवण यायची. याच्यापेक्षा मोठं दुःख माणसाला असू शकेल असं त्याला वाटत नव्हतं. रडायची सोय नव्हती, कारण रडायचं कुणासाठी?

एकदा बायको म्हणाली, "ती त्याची पहिली सीट आहे ना, लहान, ती घरी आणा की. कपाटावर ठेवीन."

"आता कशाला ती?"

"असू दे. तिथे धूळ खात पडलीय."

त्यानं आणून दिली. बायकांना असली हौस असते, असं तो मनाशी म्हणाला. तिनं ती कपाटावर ठेवली नाही. ती कुठे ठेवली, हे त्यानं विचारलं नाही.

मग एका सकाळी खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यानं त्याला गाडी ढकलायला बोलावलं. गाडी चालू होईना, टेलरला निघता येईना. तो घाईघाईनं जिना चढून वर आला तेव्हा न्हाणीघरातलं पाणी बंद झालं होतं आणि आत पोरगा अंग पुसत गुणगुणत होता. बायको स्वयंपाकघरात होती. म्हणजे ती पोराच्या खोलीत जाऊन आली असणार. टेलर आत शिरला.

चादर चुरगळलेली होती. उशीवर खळगा होता.

तो दाराला धरून उभा राहिला. परत आला, त्याच्या मनात आलं. पोरगा परत आला.

मग सवयीनं तो खाली वाकला आणि त्यानं खळग्यात बोटं फिरवली.

डोक्याचा खळगा तळाला गोल असतो. हा तसा नव्हता. तळाशी ओळीनं चार लहान खड्डे होते, शेजारी शेजारी. पहिले तीन सरळ रेषेत. चौथा, करंगळीकडचा, रांग सोडून थोडा आत.

टेलर तिथेच पलंगाच्या कडेला बसला. त्याच्या वजनानं गादी दबली. तिला हे कधीपासून ठाऊक होतं, हे त्याला कळेना. कुणाला कळू नये म्हणून आज तिनं ही मूठ रोवली होती, ते मात्र लगेच कळलं.

"अहो," स्वयंपाकघरातून तिनं हाक मारली. तिचा आवाज नेहमीचाच होता, फक्त जरा जपून काढलेला. "झोप नीट लागली होती का हो त्याला?"

टेलरनं उशीवरून हात काढून घेतला, तो खळगा मोडणार नाही असा.

"लागलीय ना," तो म्हणाला. "उशी बघितली मी."